मंदीत महागडी वाद्यं बनवणारे बुडतात का? मार्टिन, गिब्सन, स्टाइनवे आणि मिरज

तुम्ही विचारलंय की मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-२८ गिटार घ्यायला पैसे साठवलेत, पण सगळीकडे मंदीच्या बातम्या चालू आहेत, अशात एवढी महाग गिटार बनवणारी कंपनीच बसली तर आपलं काय, आणि मुळात असले लोक वाईट काळात तगतात कसे. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, मंदीत आधी चैनीच्या वस्तू मरतात. वाद्यांच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९२९ ला अमेरिकेत बाजार कोसळला आणि पुढची काही वर्षं तिथे लोक रांगा लावून फुकटचं सूप घेत होते. आता त्याच वर्षांत गिटारच्या दुनियेत काय चाललं होतं ते बघा. १९३२ मध्ये जॉन डी'अँजेलिकोने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं दुकान टाकलं आणि हाताने आर्चटॉप, म्हणजे व्हायोलिनसारख्या फुगीर टॉपच्या गिटारी बनवायला लागला, ज्या आज म्युझियममध्ये आहेत. १९३३ मध्ये मार्टिनने पहिली डी-४५ बनवली, जीन ऑट्री या गायकासाठी, शिंपल्याच्या जडावाने मढवलेली, कंपनीची सगळ्यात महाग गिटार. १९३४ मध्ये गिब्सनची सुपर ४०० आली आणि त्या नावातले ४०० म्हणजे तिची डॉलरमधली किंमत, त्या काळात तेवढ्यात जुनी मोटार मिळायची. म्हणजे लोकांच्या खिशात काही नव्हतं तेव्हाच सगळ्यात महाग गिटारी जन्माला आल्या.

कारण रेडिओ. तिकीट काढून कार्यक्रमाला जायला पैसे नव्हते पण घरात रेडिओ फुकट वाजायचा, त्यामुळे रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काम होतं, डान्स बँडवाले बँजो सोडून गिटारकडे वळत होते, आणि ज्याचं पोट त्या वाद्यावर आहे तो वाद्यात काटकसर करत नाही, कपड्यात करेल, जेवणात करेल. महागड्या वाद्याचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी श्रीमंत असं आपण धरून चालतो, पण मोठा आधार व्यावसायिक वादकांचा असतो.

पण नीट लक्षात घ्या, डी-४५ वर मार्टिनच्या कारखान्यातल्या चुली पेटत नव्हत्या. १९३३ ते १९४२ एवढ्या काळात त्या एकूण ९१ बनल्या. पगार निघायचा तो साध्या महोगनीच्या, बिनजडावाच्या छोट्या गिटारींवर. गिब्सनने तर आणखी खाली उतरून कलामाझू नावाने स्वस्त गिटारी काढल्या, त्यांच्या दांडीत गिब्सनचा प्रसिद्ध ट्रस रॉड (दांडी वाकू नये म्हणून आत घातलेली धातूची सळई) नव्हता आणि वर गिब्सनचं नावही नव्हतं. नाव न टाकणं हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण मंदी जाते पण स्वस्तात घातलेलं नाव परत वर आणायला पिढी जाते. आणि गिब्सनने त्या काळात लाकडी खेळणीसुद्धा बनवली! लोक हे गमतीने सांगतात, मला त्यात गंमत वाटत नाही. गिटारच्या ऑर्डरी नाहीत म्हणून सुतार घरी पाठवला तर तो दुसरीकडे चिकटतो आणि ऑर्डरी परत येतात तेव्हा तो परत येत नाही. खेळण्यांनी नफा किती दिला ते सोडा, कारागीर कारखान्यात राहिला हे महत्त्वाचं.

पियानोवाल्यांचं उलटं झालं, ज्या रेडिओने गिटार जगवली त्यानेच पियानो मारला. १९०९ च्या आसपास अमेरिकेत वर्षाला साडेतीन लाखांवर पियानो बनत होते, १९३२ मध्ये जेमतेम सत्तावीस हजार. ही घसरण १९२९ च्या आधीच सुरू झाली होती, घराघरात रेडिओ आणि ग्रामोफोन आले तेव्हा, मंदीने फक्त शेवटचा धक्का दिला. चिकरिंग, नाबे, मेसन अँड हॅमलिन ही पियानोंची मोठमोठी नावं विलीनीकरणात एकाच छपराखाली कोंबली गेली. स्टाइनवे या नामांकित पियानो कंपनीला पण कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. पण घराण्याने कंपनी विकली नाही, दशकाच्या मध्यात छोटा बेबी ग्रँड (आडव्या ग्रँड पियानोची लहान आवृत्ती) काढला, आणि महायुद्धात पियानोवर बंदी आली तर त्याच सुतारांकडून सैन्याच्या ग्लायडरचे लाकडी भाग बनवून घेतले, शिवाय सैनिकांसाठी हिरव्या रंगाचे मजबूत पियानो केले. एका ग्रँडमध्ये बारा हजारांच्या आसपास भाग, बनायला जवळपास वर्ष, आणि लाकूड त्याच्याही आधी कितीतरी वाळत पडलेलं. म्हणजे आज विक्री थांबली तरी भांडवल गोदामात अडकलेलंच असतं, ते काही पटकन सोडवता येत नाही. अशा धंद्यात डोक्यावर कर्ज असेल तर संपलंच.

आणि इथेच गिब्सनचं २०१८ येतं. त्या वर्षी मे महिन्यात गिब्सनने दिवाळखोरी जाहीर केली. मंदी होती का? नाही. गिटारी खपत नव्हत्या का? खपत होत्या. २०१४ मध्ये त्यांनी फिलिप्सचा हेडफोन-स्पीकरचा धंदा १३.५ कोटी डॉलरला विकत घेतला होता, वाद्यांची कंपनी सोडून 'लाइफस्टाइल' कंपनी व्हायचं होतं, त्या कर्जाने गळा आवळला. महामंदीत खेळणी बनवून जगलेली कंपनी चांगल्या काळात हेडफोनने बुडाली, ही गोष्ट मला खरंच लागते. नंतर नवीन मालक आले आणि गिटारी परत चालू राहिल्या. इलेक्ट्रिक गिटारवाल्या फेंडरचं पण तसंच, १९६५ मध्ये ऐन तेजीत सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या कंपनीने ती विकत घेतली आणि आजही लोक त्याआधीच्या फेंडरला वेगळा भाव देतात. त्यामुळे एखाद्या कंपनीबद्दल काळजी वाटली तर बाजाराकडे नंतर बघा, आधी बघा कर्ज किती आहे आणि मालक वाद्यांतला आहे की नाही.

मंदीत खरा त्रास आणखी एका बाजूने होतो. चांगलं वाद्य मरत नाही, पन्नास वर्षं जुनी गिटार नव्यापेक्षा गोड वाजते, आणि पैशाची ओढ लागली की लोक ती विकायला काढतात. म्हणजे मार्टिनची स्पर्धा जुन्या मार्टिनशीच. मधल्या किमतीचे मेकर यात सगळ्यात जास्त भरडले जातात, कारण त्यांच्या नव्या गिटारच्या पैशात मोठ्या नावाची सेकंडहँड मिळते. उलट २०२० मध्ये कोविडने सगळं बंद असताना लोक घरी बसून गिटार शिकायला लागले आणि फेंडरचं तोवरचं सगळ्यात मोठं वर्ष झालं. संकट कुठलं आहे यावर फार अवलंबून असतं.

आपल्याकडे त्याच कोविडने मिरजेत काय केलं बघा. मैफिली बंद, उरूस-उत्सवातले कार्यक्रम बंद, परदेशी शिष्य येणं बंद, तानपुरा घेणार कोण. मिरजेची कहाणी मुळात पडत्या काळातच सुरू झालीय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारींना काम राहिलं नाही आणि शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी मंडळी वाद्यांकडे वळली, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. धातूवर बसलेला हात लाकडावर आणि भोपळ्यावर बसला आणि मिरजेचे तानपुरे देशभर गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, आनंदच आहे. पण स्टाइनवेकडे होतं तसं काही वर्षं कळ काढण्याइतकं भांडवल या छोट्या कारखान्यांकडे नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि आता मोबाईलमधलं ॲप हे त्यांच्यासाठी पियानोवाल्यांच्या रेडिओसारखं आहे, मंदी नसतानाही ऑर्डरी खातंय. जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारेखालची घोडी घासून तानपुऱ्याचा गुंजणारा आवाज जमवणाऱ्या माणसाचा पोरगा एकदा नोकरीला लागला की तो कान आणि तो हात दोन्ही गेले, जीआयचा कागद ते परत आणू शकत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, मार्टिनची नाही.

आता तुमच्या डी-२८ बद्दल. मार्टिन १८३३ पासून एकाच घराण्याकडे आहे. ख्रिस मार्टिन सहाव्या पिढीतले, २०२१ मध्ये त्यांनी सीईओपद बाहेरच्या माणसाला दिलं पण मालकी घरातच ठेवली. डी-२८ पेनसिल्व्हेनियात नाझरेथला बनते, स्वस्त मॉडेलं मेक्सिकोत, म्हणजे तीसच्या दशकातलाच हिशोब अजून चालू आहे. समजा उद्या काही झालंच तरी लाकडी गिटारमध्ये कंपनीवाचून अडावं असं काही नसतं, फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) बदलणं, नेक रिसेट (दांडी काढून नीट कोनात परत बसवणं), ब्रिज (तारा जिथे अडकतात ती पट्टी) परत चिकटवणं ही कामं कुठलाही चांगला लुथिअर, म्हणजे गिटारचा कारागीर करतो. सेकंडहँड स्वस्त मिळाली तर जरूर बघा, फक्त मार्टिनची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकालाच असते आणि आपल्या हवेत टॉप (पुढची लाकडी फळी) फुगलेला किंवा ब्रिज उचललेला असू शकतो, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरात कुणी गाणं शिकत असेल, तानपुरा कधीतरी घ्यायचाच असेल, तर मिरजेची ऑर्डर आत्ताच टाका, निम्मी रक्कम आधी द्या कारण भोपळा आणि लाकूड त्यांना आपल्या खिशातून घेऊन ठेवावं लागतं, आणि जवारी लावताना स्वतः तिथे जाऊन बसा.