सरकारी वकिलांच्या ऑफिसात खरंच लोकसेवा होते का, की सगळं साहेबांच्या मर्जीवर?

एपीपीची, म्हणजे सहायक सरकारी वकिलाची परीक्षा द्यायची म्हणताय आणि साहेबांची धास्ती वाटतेय, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतंय. मी तालुक्याच्या कोर्टात एपीपी होतो, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे साहेब एक नसतो. मॅजिस्ट्रेट कोर्टातला एपीपी एमपीएससीतून आलेला पगारी माणूस, वरती अभियोग संचालनालय. सेशन्सला उभे राहणारे जिल्हा सरकारी वकील मात्र वकिलीतलेच, किमान 7 वर्षं प्रॅक्टिस झालेले, जिल्हाधिकारी सेशन्स जजशी बोलून नावं काढतात आणि शासन मुदतीवर नेमतं. त्यामुळे राजकारणाचं वारं तिकडे जास्त लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे एपीपी तर पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे, 1995 मध्ये शहाणे खटल्यात सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारला सांगितलं की यांना पोलिसांपासून वेगळं करा.

आता चांगला साहेब कसा ओळखायचा? कोर्टातल्या भाषणावरून तर अजिबात नाही. माझे एक सीनियर होते, आयओ, म्हणजे तपास करणारा पोलीस अधिकारी, चार्जशीट घेऊन आला की ते आधी शेवटची पानं बघायचे, मुद्देमाल लॅबला कधी गेला, सील कुणाचं, पंच गावातलाच का, आणि काही राहिलं असेल तर आयओला चहा पाजून परत पाठवायचे, ओरडायचे नाहीत. केस कोर्टात पडते ती बऱ्याचदा इथंच पडलेली असते. जुन्या सीआरपीसीच्या जागी 2024 पासून लागू झालेल्या बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यामध्ये काही गुन्ह्यांचे पोलीस रिपोर्ट तपासायचं काम अभियोग उपसंचालकांच्या नावावर लिहूनच ठेवलंय, ते नुसतं सहीपुरतं राहू नये म्हणजे झालं.

दुसरं, साक्षीदार. कामधंदा बुडवून एसटीने आलेला माणूस दिवसभर व्हरांड्यात बसतो, संध्याकाळी त्याला फक्त पुढची तारीख मिळते, मग तो फितूर झाला की आपण त्यालाच नावं ठेवतो. आमचे सीनियर सकाळी आधी त्याच्याकडे जायचे, जबाब वाचून दाखवायचे, काय विचारतील ते सांगायचे, पण काय बोल ते कधीच नाही, आणि फिर्यादीची केस कमजोर असेल तर तेही तोंडावर सांगायचे. मला विचाराल तर लोकसेवा ती हीच.

खरी कसोटी लागते खटला मागे घ्यायची फाईल येते तेव्हा, सीआरपीसीचं जुनं 321, बीएनएसएसचं आताचं 360 कलम. सरकारने म्हटलं म्हणून नुसती सही करायची नसते, वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा आणि कोर्टाची परवानगी लागते, आता पीडिताचंही ऐकावं लागतं, आमदार-खासदारांच्या केसमध्ये तर 2021 पासून हायकोर्टाची परवानगी हवी. त्या दिवशी साहेब काय करतो ते अख्खं ऑफिस बघत असतं.

परीक्षा द्या. आणि पोस्टिंग मिळाली की पहिली ओळख कोर्ट पैरवीच्या, म्हणजे पोलिसांकडून कोर्टाची कामं बघणाऱ्या हवालदाराशी करून घ्या, समन्स बजावून आलं की नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.