ड्युरेशनला 'मुदत' म्हणावं की 'कालावधी'?

प्रश्न असा आला आहे: बांधकामाचं वेळापत्रक मराठीत मांडताना 'ड्युरेशन'च्या रकान्याला 'मुदत' म्हणावं की 'कालावधी'? शिवाय, गुरुवारी सुरू होणारं पाच दिवसांचं काम मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सोमवारी न संपवता बुधवारी का संपवतं (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट म्हणजे कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर)?

रकान्याला 'कालावधी'च म्हणावं. मुदत उलटते, मुदतवाढ मिळते. म्हणजे या शब्दात शेवटच्या तारखेची मर्यादा आहे. त्या अर्थाचा 'डेडलाइन' हा वेगळा रकाना या सॉफ्टवेअरमध्ये आहेच. तिथे तारीख टाकली म्हणून काम अलीकडे सरकत नाही, तारीख ओलांडली गेली तर फक्त खूण दिसते. 'मुदत' त्याच्यासाठी राखून ठेवा.

आता बुधवारचं. इथला कालावधी मोजला जातो तो कामकाजाच्या वेळात. मूळ मांडणीत सोमवार ते शुक्रवार, सकाळी 8 ते 12 आणि दुपारी 1 ते 5 एवढाच वेळ धरलेला असतो आणि एक दिवस म्हणजे 8 तास. पाच दिवस म्हणजे 40 तास. गुरुवार, शुक्रवार, मग सोमवार, मंगळवार, बुधवार. दोन्ही टोकांचे दिवस मोजणीत येतात, हे आपल्या कानांना ओळखीचं आहे: सोमवारी कुणी 'आठ दिवसांनी या' म्हटलं की आपण पुढच्या सोमवारीच जातो. एक्सेलमध्ये मात्र शेवटच्या तारखेतून पहिली वजा केली, तर एका दिवसाच्या कामाचं उत्तर शून्य येतं.

साइटवर 10 तास काम चालतं म्हणून कॅलेंडर बदललं आणि पर्यायांमधला 'दिवसाचे तास' हा आकडा 8च राहिला, तर पाच दिवसांचं काम चौथ्या दिवशीच संपलेलं दिसतं. 40 तास तिथेच भरतात. या एका आकड्यापायी अख्खं वेळापत्रक चुकू शकतं, तेव्हा तो आधी तपासा.

क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ते ओलं ठेवण्यासाठी, तर वेगळा शब्दच हवा. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं आणि सिमेंट रविवार पाळत नाही. स्लॅब शुक्रवारी संध्याकाळी भरून झाला आणि पुढे नुसतं '7 दिवस' लिहिलं, तर मूळ कॅलेंडरवर क्युरिंग सोमवारी सुरू होऊन त्यापुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी संपतं. दिवसाच्या 'डी'आधी 'ई' लावला ('7d' ऐवजी '7ed', म्हणजे 'इलॅप्स्ड' दिवस) की घड्याळ 24 तास चालतं आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी काम पुरं होतं. चार दिवसांचा फरक! याला मी 'सलग दिवस' म्हणेन. 'प्रत्यक्ष दिवस' नको, कारण त्यातून नेमका उलटा अर्थ निघू शकतो.

राहिला 'वर्क'चा रकाना. तिथे 'मनुष्यदिवस' लिहा. रोजगार हमीच्या कामांमुळे तो शब्द गावोगाव रुळलेला आहे. एका गवंड्याला प्लास्टरला सहा दिवस लागत असतील, तर दोघांना तीन लागतील. कालावधी निम्मा झाला, मनुष्यदिवस सहाच राहिले. 'एफर्ट ड्रिव्हन' (माणसं वाढली तरी एकूण काम तेवढंच ठेवणारा) पर्याय चालू असेल तर सॉफ्टवेअर हा भागाकार करतं, पण कामाचा प्रकार 'फिक्स्ड ड्युरेशन' ठेवला असेल तर गवंडी वाढवूनही कालावधी तसूभर हलत नाही.