मशीनचे मीटर आणि रस्त्याचे मीटर

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी इंटरनेटची छोटी लाइन आहे. परवा एक फायबर बंद पडली. ओटीडीआरवर, म्हणजे तूट किती अंतरावर आहे ते दाखवणाऱ्या मशीनवर, 3.42 किलोमीटरला तूट दिसली. मोटारसायकलवर तेवढं अंतर मोजून खणलं, तर केबल धड. दोन दिवस गेले. मशीन बिघडलं म्हणायचं का?

उत्तर : मशीनला दोष देऊ नका. प्रकाशाचा झटका जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून ते अंतर काढतं. 1 मायक्रोसेकंद म्हणजे साधारण 102 मीटर. पण हे अंतर आतल्या काचेच्या तंतूचं आहे, रस्त्याचं नाही. जॉइंटपाशी आपण 10-15 मीटरचं वेटोळं ठेवतो, तेही त्या 3.42 मध्ये आलं. ट्यूबमधला तंतूही केबलपेक्षा थोडा लांबच असतो. तेव्हा तूट तुमच्या खड्ड्याच्या अलीकडेच असणार. मशीनमधला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही (काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) बघून घ्या. 1.468 च्या जागी 1.450 राहिला असेल, तर एवढ्या अंतरात 40 मीटर जास्त दाखवेल.

आता खड्डा बुजवू नका, तो कामाचा आहे! केबलच्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, तो पुसून वाचा. मग ट्रेसवर, म्हणजे मशीनने काढलेल्या आलेखावर, तुटीच्या अलीकडची शेवटची पायरी शोधा, तो तुमचा जॉइंट. समजा तो 3.10 ला आहे, म्हणजे शोधायचे फक्त 320 मीटर. त्या जॉइंटवर जाऊन पुढे जाणाऱ्या केबलवरचा आकडा वाचा. खड्ड्यातल्या आकड्याशी ताडून पाहिलं की किती मागे सरकायचं ते मीटरात कळतं, आणि वेटोळं त्यात आपोआप धरलं जातं.

खणण्याआधी खांबांवरून गेलेल्या केबलखालूनही एक फेरी मारा. कडेगावकडे मी एकदा चार खड्डे पाडले होते, आणि तूट होती डोक्यावर. उसाचं पाचट पेटवलेलं, त्या धगीनं केबल खालच्या अंगाला वितळलेली. रस्त्यावरून नुसती काळवंडलेली दिसायची. बोटांनी दाबली तेव्हा चपटी लागली. तो दिवस अजून मनाला लागून आहे, कारण त्या लाइनवर एक दवाखाना होता.

जमलं तर पलीकडच्या टोकाकडूनही ट्रेस घ्या, आधी तिथलं यंत्र काढून ठेवून. दोन्ही अंतरांची बेरीज लाइन धड असतानाच्या मूळ ट्रेसच्या लांबीइतकी भरली तर तूट एकच. कमी भरली तर मधे दुसरीही आहे, आणि पहिली जोडून लाइन सुरू होणार नाही.