मालकाची बाजू कोरडी अन् आमचीच गळते, असं कसं?

प्रश्न: नमस्कार, मी आर्णी तालुक्यात एका गावात उपकेंद्रावर नर्स आहे, भाड्याने राहते. घर एकच आहे, समोरच्या भागात घरमालक अन् मागच्या दोन खोल्या आमच्या. त्यांच्याकडे स्लॅब, टाइल्स, दर दिवाळीले रंग. आमच्याकडे जुने टिन, भिंतीले ओल, न्हाणीचं पाणी तर पायाशीच मुरते. काकाजींना म्हटलं तर म्हणतात, राहता तुम्ही तर दुरुस्तीही तुम्हीच करा. भाड्याच्या घराचं असंच असते का? अन् खर्च कोणाचा?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, बहुतेक ठिकाणी असंच असते. खेड्यात भाड्याने द्यायला म्हणून घर कोणी बांधतच नाही. 2011 च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात जवळपास 95 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहणारी होती, भाड्याने राहणारी साडेतीन टक्क्यांच्याही आत, म्हणजे भाडेकरू कोण तर नर्स, मास्तर, बँकेतला पोरगा, बदली झाली की गेला. त्यांच्या वाट्याला समोर नवा स्लॅब पडल्यावर मागे उरलेलं जुनं घर येते, नाहीतर गोठ्याला दार लावून केलेली खोली. पाणी काही मालकाच्या अंथरुणावर टपकत नाही, अन् भाडेकरू म्हणतो दोन वर्षांसाठी मी कायले पैसा लावू, अन् या दोघांत घर जाते कामातून.

भेगा असतील तर त्याचा दोष मात्र काकाजींना देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, भिंत कोणाचीही असो तडकतेच, अन् पायाशी पाणी मुरलं की जास्तच. म्हणून आधी न्हाणीचं पाणी पाइप टाकून दूर काढायला लावा. मागचं मुरलेलं पाणी उद्या समोरच्या स्लॅबखालीही जाणार एवढं काकाजींना सांगा, मग बघा कसे ऐकतात!

आता खर्च. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. वेगळं काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केलं नाही तर तुम्ही करून भाड्यातून कापू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. महिन्याचे 2000 असतील तर वर्षाला 6000. घोळ असा की हा कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांनाच लागतो, तुमचं गाव त्यात आहे का ते तालुक्याच्या वकिलाकडून बघून घ्या. नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्यात जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे तिचाच खर्च कापता येते, म्हणून टिन अन् भिंती कोणाकडे ते करारात लिहूनच घ्या. नेहमीची झीज सोडून घर होतं तसं परत करायचं ही जबाबदारी तुमची, तर आजच फोटो काढून ठेवा. टिन बहुतेक खिळ्यांपाशीच गळते, मे महिन्यातच मिस्त्री बोलवा अन् बिल काकाजींच्या हातात द्या.