भावाची केळी आडवी झाली आणि मला बरं वाटलं

"मी माफ केलं म्हणते, पण आतून जात नाही. देव माझी प्रार्थना ऐकत असेल का हो?" आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका-पुरुषांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. विचारणारं माणूस बहुतेकदा चांगलं भाविक असतं. रविवार चुकवत नाही, दशांश देतं, घरी रोज शास्त्र उघडतं. आणि ज्याच्यावरचा राग जात नाही तो सहसा परका नसतो. भाऊ असतो, जाऊ असते, सासू असते, कधी स्वतःचा बाप. परक्यानं केलेलं माणूस विसरतं.

भुसावळच्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना रूथताई म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.

रूथताईंचे यजमान रेल्वेत. माहेर रावेर तालुक्यात, घरची केळीची जमीन. वडील वारल्यावर धाकटा भाऊ त्यांना तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. "पीककर्जाला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात ताई," एवढंच म्हणाला. कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ, त्याच्यासमोर कागद कोण वाचतं? सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. बाहेर येऊन भावानं रसवंतीवर उसाचा रस पाजला. पुढं कधीतरी लेकीनं मोबाइलवर सातबारा काढला, तर त्यावर आईचं नावच नाही. तो कागद हक्कसोडपत्र होता. फोन केला तेव्हा भाऊ म्हणाला, "तुझं लग्न करून दिलं, अजून काय पाहिजे?"

जमिनीपेक्षा त्यांना तो रस जास्त लागला होता. बोलता बोलता दोनदा तिथंच आल्या. "मला फसवून वर रस पाजला, मॅडम."

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. ख्रिस्ती घरात आखाजीचं पूजन नसलं तरी माहेरी जाणं होतंच, सारा गाव भरलेला असतो. त्या वर्षी रूथताई गेल्या नाहीत. शेजारणी पिशव्या भरून एसटीला निघाल्या आणि त्या दार लावून बसल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळ झालं. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचा वारा काय करतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. घड लागलेली बागच्या बाग एका रात्रीत झोपते. भावानं व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकला, खाली हात जोडलेले.

"मले बरं वाटलं, मॅडम. लय बरं वाटलं." मग आवाज खाली गेला. "आणि मग भीती वाटली, की मी कोण झाले?"

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. भाकरीचं ताट त्यांच्यापर्यंत आलं, त्यांनी ते तसंच पुढं दिलं. मग दर वेळी तसंच. परमपित्याची प्रार्थना म्हणतानाही 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथं त्या गप्प व्हायच्या आणि पुढच्या ओळीला परत सुरू करायच्या. शेजारी उभ्या लेकीला ते कळायला लागलं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

राग घालवणारं एखादं वचन मी द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी आधी राग राहू दिला. 'तुम्ही रागावा परंतु पाप करू नका,' असं प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो. फसवणुकीचा राग यायलाच हवा. ज्याला येत नाही त्याला न्यायाचीही चाड नसते. धोका त्याच्या पुढच्या वचनात आहे: 'सैतानाला वाव देऊ नका.' म्हणून मी विचारलं, रोजचा दिवस कसा जातो? भांडी आवरली की त्या रात्री भावाचं स्टेटस उघडायच्या. त्यानं मोटरसायकल कोणती घेतली, कुणाच्या लग्नाला गेला, भावजयीच्या गळ्यात काय होतं, सगळं पाठ. तो वादळाचा फोटो गॅलरीत जपून ठेवलेला. लेकही मामाच्या मुलांशी बोलायची बंद झाली होती, तिला कुणी सांगितलं नसताना. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात कडूपणाच्या मुळाबद्दल हेच म्हटलं आहे, की ते उगवलं की पुष्कळ जण त्यानं विटाळतात.

प्रार्थनागटातल्या एका बाईनं त्यांना योहानाचं वचन ऐकवलं होतं: 'जो कोणी आपल्या बंधूचा द्वेष करतो तो नरहिंसक आहे.' तेव्हापासून त्यांची झोप गेली होती. मला विचाराल तर हे वचन स्वतःसाठी वाचायचं असतं, दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं नसतं. पण ते खोटं नाही. त्याच अध्यायात योहान काइनाची, म्हणजे सख्ख्या भावाला मारणाऱ्याची, आठवण देतो. उत्पत्तीत काइनाचा हात उठण्याआधी देव त्याच्याशी बोलतो, पाप दाराशी टपून बसलंय, त्याच्यावर सत्ता चालव म्हणून सांगतो. म्हणजे अजून वेळ होती. रूथताईंना वाटलेली भीती मला त्या बोलण्यासारखीच वाटली. द्वेषानं ज्यांना पुरतं गिळलंय ते भीत नाहीत. भावाच्या नुकसानीवर त्यांची रात्र चांगली जाते आणि सकाळी ते उपासनेला येतात, मोठ्यानं गातातही.

आम्ही योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचला. माशाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, शेवट फारसा कुणी वाचत नाही. ज्या निनवे शहराला योनानं नाशाचा इशारा दिला होता त्यानं पश्चात्ताप केला, देवानं शिक्षा टाळली, आणि हा संदेष्टा चिडून शहराबाहेर मांडव घालून बसला, शहराचं काय होतं ते बघायला. एक वेल उगवली, सावली झाली, तो खूश. वेल वाळली तर मरण मागायला लागला. देव त्याला विचारतो, त्या वेलीची तुला एवढी कळकळ, मग ज्यांना उजव्या-डाव्या हाताचा भेद कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं ज्या शहरात आहेत, त्याची मला नसावी का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, तो फोटो काढा. त्यांनी काढला. "यात काय काय दिसतं ते सांगा." आडवी झाडं, मोडलेली खोडं, ठिबकच्या नळ्या वर आलेल्या. मग त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. कडेला भावाचा धाकटा मुलगा उभा होता, अनवाणी, एक कच्चा घड दोन्ही हातांनी धरून. इतक्या साऱ्या रात्री पुन्हा पुन्हा बघितलेल्या फोटोत तो त्यांना दिसलाच नव्हता. त्या दिवशी आम्ही पुढं फार बोललो नाही.

क्षमेचं लगेच सुरू करू नये, असं माझं मत आहे. आधी तक्रार देवापुढं पूर्ण मांडू द्यावी. रूथताईंना वाटे, प्रार्थनेत शिव्याशाप आले की ती बाद. मी त्यांना स्तोत्र ५५ दिलं, ज्यात दाविद म्हणतो की शत्रूनं केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा जवळचा. मग १०९ दिलं, त्यातले शाप वाचून त्या चपापल्या. हे शास्त्रात आहे? आहे. दाविदानं ते शत्रूच्या दारात जाऊन म्हटलं नाही, देवापुढं ओतलं, आणि सूड देवाच्या हाती दिला. रूथताईंनी वही घेतली आणि रसवंतीपासून सगळं लिहून काढलं.

मग मी त्यांना वकिलाकडे पाठवलं. यावर काही जणांच्या भुवया उंचावतात: क्षमा करायची तर कोर्ट कशाला? फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मन शांत होण्याची वाट बघत बसलं तर मुदत निघून जाते, आणि तो नवा कडवटपणा आणखी वाईट. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि पुढची काही वर्षं त्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत ओडिशातच राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. त्यामुळं ग्लॅडिसबाईंची क्षमा खोटी ठरत नाही. न्याय न्यायालयानं करावा. रोज रात्री अंथरुणात भावाला फाशी देण्याचं काम तेवढं आपण सोडायचं.

इथं एक सांगून ठेवते, कारण याचा फार गैरवापर होतो. मार खाणाऱ्या बाईला "माफ कर आणि घरी जा" असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. क्षमा एकटीला करता येते. समेटाला दोघं लागतात आणि समोरच्याचा पश्चात्ताप लागतो. पौलसुद्धा रोमकरांना 'शक्य तर' आणि 'तुम्हांकडून होईल तितके' असं दोनदा राखून लिहितो. मारहाण असेल तर आधी सुरक्षित जागा, १८१ वर फोन, मग बाकीचं.

रूथताईंना मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. स्टेटस बघणं बंद, फोटो पुसायचा. आणि भावासाठी रोज एक वाक्य, जेवढं खरं म्हणता येईल तेवढंच. पहिल्यांदा भावाचं नाव तोंडातून निघेना. शेवटी त्या म्हणाल्या, "प्रभू, त्याच्या पोरांना भाकर दे." मला ते पुरेसं वाटलं.

पुढच्या खेपेला रडत आल्या: झालं होतं सगळं नीट, पण लग्नात भाऊ समोर दिसला आणि पुन्हा तेच. मी म्हटलं, तुम्ही केळीवाल्यांची लेक. पील एकदा कापलं म्हणून कुणी विळा टांगून ठेवतं का? त्या हसल्या. मुख्य झाडाचं अन्न खाणारं पील जमिनीतून परत येतं आणि परत कापावं लागतं. शिष्य पेत्रानं सात वेळा क्षमा करू का विचारलं, तेव्हा प्रभूनं साताच्या सत्तर वेळा सांगितलं. नवनव्या अपराधांसाठी ते आहेच, पण एकाच अपराधाची आठवण तितक्यांदा येते, तेव्हाही तेच करायचं. राग परत आला म्हणजे आधीची क्षमा वाया गेली, असं नाही.

प्रभुभोजन त्यांनी पुन्हा घेतलं. मन पूर्ण स्वच्छ झाल्यावर घेईन म्हणत होत्या. मी म्हटलं, तसं असतं तर ते मेज रिकामंच राहिलं असतं. दावा रावेरच्या कोर्टात चालू आहे. मध्यंतरी भावाचा फोन आला, दावा मागे घे म्हणून. रूथताई म्हणाल्या, "दावा चालेल. पोरांना सुट्टीत इकडे पाठव, भरीत-भाकरी करते." पोरं अजून आलेली नाहीत; भावजय नको म्हणते, असं कळलं.