बदली तासासाठी मराठीचं पाकीट

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या रजेआधी आठवीच्या बदली तासांची फाईल तयार ठेवायची आहे ना? मग धड्यांची यादी करून मोकळी होऊ नकोस. तुझ्या जागी येणारे सर गणिताचे असतील नाहीतर खेळाचे, आणि मोकळा तास गेला म्हणून थोडे वैतागलेले. त्यांनी कविता शिकवावी असं लिहून ठेवलंस, तर वर्गात 'गप्प बसून प्रश्नोत्तरं लिहा' एवढंच होईल. मराठीतलं बरोबर-चूक ठरवायची वेळच त्यांच्यावर येऊ नये, असं काम आख. उत्तरं, आणि ती का बरोबर हेही, त्यांच्या हातात आधीच हवं.

तास 35 मिनिटांचा असला तरी काम 25 मिनिटांचंच धर. बाकीचा वेळ हजेरीत, बाकं सरकवण्यात आणि 'बाई कधी येणार'मध्ये जातो. नवा धडा, नवं व्याकरण त्या दिवशी नको.

सगळ्यात भरवशाचं काम वाक्यपट्ट्यांचं. आठ वाक्यांचा उतारा स्वतः लिही आणि एकेक वाक्य वेगळ्या पट्टीवर उतरव; मुलांनी त्या पट्ट्या क्रमाने लावायच्या. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचा घे. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती राहतं, होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात फिरते, दुसरं टोक किनाऱ्याला आणते आणि मग दोन्ही बाजूंनी ओढ लागते. क्रम कामातच आहे, त्यामुळे मुलांना तो विचार करून लावता येतो. 40 मुलं असतील तर चार-चारांचे दहा गट, म्हणजे दहा संच. अकरावा जादा ठेव, एखादी पट्टी हरवतेच. पट्ट्यांवर 1, 2, 3 घालू नकोस, क, ख, ग अशी अक्षरं उलटसुलट टाक आणि क्रमाची चिठ्ठी सरांसाठी वेगळी ठेव.

घोळ होतो तो उताऱ्यातच. 'जाळ्यात बांगडे आले' आणि 'पेडवेही आले' अशी दोन वाक्यं पाठोपाठ आली की मुलं त्यांच्या जागेवरून भांडत बसतात, आणि गणिताचे सर म्हणतात, दोन्ही बरोबर. अशी वाक्यं जोडून एक कर. पहिलं सोडून प्रत्येक वाक्यात मागच्याला धरणारा एक शब्द हवा: 'मग', 'तेवढ्यात', 'म्हणून', 'ते टोक'. घरातल्या कुणाला तरी, ज्याने उतारा वाचलेला नाही, आधी लावून बघायला दे. क्रम लागल्यावर मुलांनी वाक्यं वहीत उतरवायची आणि ज्या शब्दावरून क्रम कळला तो अधोरेखित करायचा. ही शेवटची पायरी गाळली तर नुसतं कोडं उरतं. मराठीचं काम या अधोरेखनातच आहे.

कागद जाड कार्डशीटचा घे. पावसाळी हवेत साध्या कागदाच्या पट्ट्या लोळागोळा होतात आणि डिंकाची पाकिटं आपोआप चिकटतात. झिपची प्लास्टिकची पिशवी बरी. सूचनेत पहिली ओळ 'पंखा बंद करा' ही लिही, नाहीतर पट्ट्या वर्गभर उडतील. स्मार्ट टीव्हीवर मात्र काही ठेवू नकोस, पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

दुसरं पाकीट बोलीचं. 'खंय चललस?' 'बाजारात जातंय.' 'येताना माका बांगडे हाड.' अशा आठ ओळी मालवणीत, आणि शेजारी मुलांनी प्रमाण मराठीत लिहायच्या. सर घाटावरचे असले तर 'हाड' ऐकून दचकतील, म्हणून 'हाड म्हणजे आण' हे उत्तरपत्रिकेत लिहून ठेव. खरी अडचण 'जातंय'ची आहे. मालवणीत 'मी जातंय' अगदी बरोबर; प्रमाण मराठीत मुलगा 'जातोय' लिहील, मुलगी 'जातेय'. परीक्षेत मुलांच्या हातून 'मी जातंय' उतरतं ते इथूनच. दोन रकान्यांना 'घरी' आणि 'पेपरात' अशी नावं दे. 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' लिहिलंस तर पाहुण्या शिक्षकासमोर मुलं तोंड उघडणार नाहीत.

तिसरं ऱ्हस्व-दीर्घाचं, दहा मिनिटं उरली तर. सर 'पीठ' म्हणतील, मुलं 'पिठात' लिहितील: मीठ–मिठाचं, दूध–दुधात, फूल–फुलाला, ऊस–उसाचा. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, एवढा नियम सरांना पुरे. पण यादीत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द घुसू देऊ नकोस. 'गीत–गीतात', 'दीप–दीपाला' यात दीर्घच राहतं. एखादं चुणचुणीत पोर तेवढंच विचारेल आणि सर अडकतील. 'पाऊस–पावसात', 'तांदूळ–तांदळाचा' यांचीही गत वेगळी, तेही त्या दिवशी बाहेर. श्रुतलेखन मुळीच नको. उच्चारावरून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि दुसऱ्याच्या वाचनाचा वेग तुझ्या मुलांना सवयीचा नसतो.

जोरदार पावसात आठवी-नववी एकत्र बसवतात. त्यासाठी पट्ट्यांचे दहा संच जादा लागतील. तेवढे करणं शक्य नसेल तर बोलीचं पाकीट ठेव, ते फळ्यावर लिहूनही चालतं.

प्रत्येक पाकिटात अर्ध्या पानाची एक चिठ्ठी: हजर किती, कोणतं पाकीट झालं, कुठल्या ओळीला वर्ग अडला. यापेक्षा जास्त विचारलंस तर सर ती कोरीच ठेवतील. परत आल्यावर पहिली दहा मिनिटं त्या अडलेल्या ओळीला दे, नाहीतर मुलांना कळतं की बदली तासाचं काम कुणी बघत नाही, आणि पुढच्या वेळी वही उघडणार नाहीत.

फाईल तुझ्या कपाटात ठेवू नकोस. किल्ली तुझ्या पर्समध्ये राहील, घाट बंद पडेल आणि तू पलीकडे अडकशील. शिक्षकखोलीत हजेरीपटांशेजारी ठेव आणि वर्गाच्या मॉनिटरला जागा दाखवून ठेव.

तुझे,
सर