फेम्टोसेकंदांत होणारी ऊर्जेची हालचाल मोजतात कशी, आणि त्यात रसायनशास्त्रवाल्याचं काम काय?

पान प्रकाश शोषतं तेव्हा ऊर्जा एका क्लोरोफिलवरून दुसऱ्यावर फेम्टोसेकंदांत जाते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. इतकं वेगवान घड्याळ आणतात कुठून, असा तुमचा प्रश्न.

घड्याळाचं काम अंतर करतं. लेसरच्या एका पल्सचे दोन भाग पाडतात. पहिला भाग, म्हणजे पंप, नमुना उत्तेजित करतो. मागून येणारा दुसरा भाग, म्हणजे प्रोब, शोषणात पडलेला फरक टिपतो. त्यातल्या एकाच्या वाटेत सरकते आरसे असतात. ते 15 मायक्रोमीटर मागे नेले की जाऊन-येऊन 30 मायक्रोमीटर वाढतात, म्हणजे 100 फेम्टोसेकंदांचा उशीर. चॉपर, म्हणजे फिरती खाचांची चकती, एकाआड एक पंप अडवतो, मग पंपासह आणि पंपाविना मोजणीची वजाबाकी. उरणारा फरक शोषकतेत जेमतेम 0.001 च्या घरातला.

काचेपासून जपा, काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जातात आणि पल्स पसरते. 800 नॅनोमीटरची 10 फेम्टोसेकंदांची पल्स 10 मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकातून गेली की सुमारे 100 ची होते. प्रिझमची जोडी किंवा चर्प्ड आरसे (रंगारंगांतला हा उशीर उलटा भरून काढणारे) लावून ही भरपाई करावी लागते.

रसायनशास्त्रवाल्याची कसोटी मात्र नमुन्यात लागते. 1 मिलिमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक कुपीत) शोषकता 0.3 च्या आसपास ठेवा. नमुना वाहता हवा, नाहीतर आधीच्या पल्सने तयार झालेले ट्रिप्लेट (जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्था) पुढच्या मोजणीत घुसतात. प्रयोगाच्या आधी आणि नंतर साधा स्पेक्ट्रम घ्या. क्लोरोफिलचं शिखर खाली आलं किंवा सरकलं असेल तर त्या दिवसाचा डेटा टाकून द्या. नुसत्या बफरवरही (नमुना ज्यात विरघळवतात त्या द्रावणावर) एक फेरी घ्या: शून्य वेळेजवळचा झटका बऱ्याचदा द्रावक आणि काचेचाच असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो जोरदार पंप. प्रकाश गोळा करणाऱ्या एकाच संकुलात दोन उत्तेजना पडल्या की त्या एकमेकींना गाठतात, एक विझते आणि सिग्नलचा ऱ्हास खोटाच वेगवान दिसतो. पंप निम्मा करा. सिग्नल निम्मा व्हावा, वक्राचा आकार तसाच राहावा. आकार बदलला तर पंप आणखी उतरवा. ही तपासणी नसलेल्या शोधनिबंधातल्या पिकोसेकंदांवर (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) मी विश्वास ठेवत नाही.

मोजणी बरोबर आली तरी अर्थ चुकू शकतो. 2007 मध्ये रसायनतज्ज्ञ ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या बर्कलीतल्या गटाने हरित गंधक जीवाणूंच्या एफएमओ या प्रकाशऊर्जा पोचवणाऱ्या प्रथिनात, 77 केल्विनला, शेकडो फेम्टोसेकंद टिकणारी आंदोलनं दाखवली. ती इलेक्ट्रॉनिक क्वांटम सुसंगती, म्हणजे उत्तेजना एकाच वेळी अनेक रेणूंवर तालात पसरलेली असणं, मानली गेली; पुढच्या कामांतून त्यांतली दीर्घकाळ टिकणारी आंदोलनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचं मत बळावलं. म्हणून लेसर जुळवण्याइतकाच वेळ स्पेक्ट्रोस्कोपीच्या सिद्धांताला द्या, आणि ग्लोबल फिटचा (सगळ्या तरंगलांबींचे वक्र एकाच वेळी समीकरणाला जुळवण्याचा) कोड स्वतः लिहा. समीकरणातले घटक वाढवत गेलं की कुठलाही वक्र जुळतो, हे तो लिहितानाच कळतं.